गरम रेडिएटर, झाकण आणि एक साधी बाटली

चैत्र-वैशाखात धाराशिव जिल्ह्यातील रस्त्यांवर दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात: ऊन आणि गाड्यांची वर्दळ. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा, तुळजापूरला जाणारे भाविक आणि सोबतीला लग्नसराई. या दिवसांत हौसेने जपलेली जुनी अॅम्बेसेडर, फियाट किंवा उघडी जीप घराबाहेर निघते. नवरदेवाला तीच हवी असते. पण वरातीत ती तासभर मुंगीच्या पावलांनी सरकते, इंजिन चालू राहते, समोरून वारा मिळत नाही आणि काटा लाल रेषेकडे जातो. बोनेटमधून वाफ येऊ लागली की कुणीतरी हातात फडके घेऊन पुढे येतो आणि रेडिएटरचे झाकण फिरवतो. भाजल्याचे अनेक गंभीर अपघात याच एका क्षणी घडतात.

हे अपघात टाळण्याचा एक स्वस्त उपाय मोटारींच्या जगात पूर्वीपासून ठाऊक आहे. रेडिएटरला एक छोटी जादा टाकी जोडायची. उतू जाणारे पाणी किंवा कूलंट तिच्यात जाते आणि इंजिन थंड झाल्यावर परत रेडिएटरमध्ये येते. आजच्या गाड्यांत अशी अर्धपारदर्शक बाटली कारखान्यातूनच बसवलेली असते. अनेक जुन्या गाड्यांत ती नसते. ती बसवली तर एक धोका कमी होतो, पण चुकीच्या पद्धतीने बसवली तर दुसराच धोका घरात येतो. म्हणून या बाटलीचा विचार गॅरेजइतकाच आरोग्याच्या अंगानेही करायला हवा.

पाणी उतू का जाते?

पाणी तापले की फुगते. वीस अंश सेल्सिअसचे पाणी पंचाण्णव अंशांपर्यंत तापवले तर त्याचे आकारमान जवळपास पावणेचार टक्क्यांनी वाढते. एखाद्या गाडीत आठ लिटर पाणी असेल तर सुमारे तीनशे मिलिलिटर जास्तीचे पाणी तयार होते. त्याला कुठेतरी जावेच लागते. जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या मानेजवळून एक बारीक नळी खाली सोडलेली असते. जास्तीचे पाणी तिच्यातून रस्त्यावर सांडते. गाडी थंड झाली की आतले पाणी आकसते, पातळी खाली जाते आणि मालकाला वाटते, ‘पाणी कमी झाले.’ तो पुन्हा काठोकाठ भरतो, दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा सांडते. वास्तविक रेडिएटरमध्ये गळती नसते. पण यामुळे वारंवार झाकण उघडण्याची सवय लागते, आणि ती सवय एखाद्या दिवशी गरम इंजिनावरही हात नेते.

रेडिएटरचे झाकण हे नुसते बूच नसते. त्यात स्प्रिंगवर चालणारी एक झडप असते. ती आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत धरून ठेवते. हेच तत्त्व स्वयंपाकघरातल्या कुकरचे. दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याहून जास्त तापमानापर्यंत द्रवरूपातच राहते. जुन्या गाड्यांतील सात पौंडांच्या झाकणाखाली ही मर्यादा साधारण एकशे दहा अंशांवर जाते, तर पंधरा पौंडांच्या झाकणाखाली एकशे वीसच्या आसपास. म्हणजे कुकरच्या शिट्टीखालचे आणि रेडिएटरच्या झाकणाखालचे पाणी जवळजवळ सारखेच तापलेले असू शकते. कुकरची वाफ पूर्ण जिरल्याशिवाय घरातली कोणतीही बाई झाकण काढत नाही. रेडिएटरच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण विसरले जाते.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी शंभरऐवजी साधारण अठ्ठ्याण्णव अंशांना उकळते. सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना इंजिनावर ताण येतो, बाहेर चाळीस अंशांचे ऊन असते आणि उकळण्याची मर्यादा दोन अंशांनी खाली आलेली असते. त्यात बोअरचे जड पाणी. बेसाल्ट खडकातून येणाऱ्या या पाण्यात क्षार जास्त असतात. चहाच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो आणि उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग अडवतो.

झाकण उघडताच काय होते?

समजा आतले पाणी एकशे दहा अंशांवर आहे. झाकण फिरले, दाब एकदम गेला. आता इतके गरम पाणी द्रवरूपात राहू शकत नाही. त्यातला थोडासा भाग, शेकडा सुमारे दोन, एका क्षणात वाफ होतो. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण आठ लिटर पाण्यातून निघणारी ही वाफ सुमारे तीनशे लिटर जागा व्यापते. दोनशे लिटरची दीड पिंपे भरतील एवढी वाफ मनगटाएवढ्या तोंडातून बाहेर पडते आणि उकळते पाणी आपल्यासोबत वर उडवते. हा फवारा चुकवायला माणसाला वेळच मिळत नाही.

त्वचेला जळायला फार उष्णता लागत नाही. साठ अंशांचे पाणी पाच सेकंद अंगावर राहिले तरी खोल जखम होऊ शकते; सत्तर अंशांना एक सेकंद पुरतो. रेडिएटरमधले पाणी त्याहून कितीतरी गरम असते. शिवाय वाफ त्वचेवर थंड होऊन पाणी बनताना स्वतःतली प्रचंड सुप्त उष्णता तिथेच सोडते. वाकून झाकण उघडणाऱ्याचा चेहरा, मान, छाती आणि पुढे केलेला हात एकदम सापडतात. डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली तर दृष्टीवर बेतते. कूलंटचे द्रावण थोडे चिकट असते आणि सुती सदऱ्यात मुरते, त्यामुळे कपडा अंगाला चिकटून भाजणे चालूच राहते.

अशा वेळी पहिली वीस मिनिटे मोलाची. ओला कपडा, अंगठी, घड्याळ, कडे ताबडतोब काढावे. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे, वाहते पाणी सोडावे. जवळ नळ नसेल तर पिण्याच्या पाण्याचा जार, शेतातली मोटार, काहीही चालेल. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, कोलगेट-तूप असले लेप अजिबात नकोत. त्यांनी उष्णता आत कोंडते, जंतुसंसर्ग वाढतो आणि डॉक्टरांना जखमेची खोली कळत नाही. डोळ्यात पाणी गेले असेल तर डोळे उघडे ठेवून धुवावेत. नंतर स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकून रुग्णालय गाठावे. चेहरा, डोळे, हाताचे पंजे किंवा सांधे भाजले असतील तर जखम लहान दिसली तरी घरी उपचार करत बसू नये. आवाज घोगरा झाला किंवा श्वास लागला तर एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बाटलीचे काम

आता त्या जादा टाकीकडे वळू. तिची युक्ती झाकणाच्या दुसऱ्या, छोट्या झडपेत आहे. इंजिन तापते तेव्हा दाबाची मोठी झडप उघडते आणि जास्तीचे द्रव नळीवाटे बाटलीत जाते. इंजिन थंड होताना रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते. तेव्हा छोटी झडप उघडते आणि बाटलीतले द्रव आत ओढले जाते. रेडिएटर नेहमी भरलेला राहतो, आत हवा शिरत नाही, गंजही कमी होतो. पाण्याची पातळी बाटलीत बाहेरूनच दिसते. भर घालायची तर ती बाटलीतच. झाकण उघडण्याचे कारणच उरत नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीने हाच तिचा खरा फायदा.

यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. पहिली, झाकण. जुन्या पद्धतीचे झाकण मानेच्या वरच्या काठाला हवाबंद बसत नाही. त्यामुळे ते बाटलीतले द्रव ओढण्याऐवजी हवा ओढते. वरही रबरी चकती असलेले, पण मूळ दाबाचेच झाकण लागते. ‘जास्त दाब म्हणजे जास्त चांगले’ असे समजून सात पौंडांच्या जागी पंधरा पौंडांचे झाकण लावले तर जुना रेडिएटर, होज पाईप किंवा हीटरची नळी फुटू शकते. दुसरी, नळी. ती बाटलीच्या तळाजवळ, द्रवात बुडालेली असावी. तिसरी, बाटलीला हवेसाठी छिद्र हवे. पूर्ण बंद बाटली तापल्यावर स्वतःच फुटेल. थंड स्थितीत ती साधारण एक तृतीयांश भरलेली ठेवली की फुगलेल्या द्रवाला जागा राहते. बहुतेक जुन्या गाड्यांना एक लिटरची बाटली पुरते.

जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांना मात्र ती बाटली दिसायला नको असते, आणि त्यामागे कारण आहे. या गाड्यांना इतिहास आहे. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. त्यात वाहन मूळ स्वरूपात असावे, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. एक नळी आणि बाटली हा काही तसा मोठा फेरफार नव्हे, पण हौशी माणसाच्या डोळ्याला नवी पांढरी प्लास्टिकची बाटली खुपतेच. मग ती मडगार्डच्या आतल्या बाजूला, रेडिएटरच्या आडोशाला बसवली जाते किंवा काळा रंग देऊन लपवली जाते.

लपवायला हरकत नाही. मात्र पातळी दिसेल एवढी एक उभी पट्टी रंगाशिवाय ठेवावी. बाटली सायलेन्सरच्या गरम पाईपापासून आणि फिरत्या पंख्यापासून दूर असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती पिण्याच्या पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली नसावी.

गोड विष

खर्च वाचवण्यासाठी शीतपेयाची रिकामी बाटली तारेने बांधणे हा सोपा जुगाड आहे. उरलेले कूलंटही बहुधा अशाच बाटलीत भरून घरी ठेवले जाते. बाजारातले कूलंट हिरवे, गुलाबी, नारिंगी असते, अगदी सरबतासारखे. त्यातील मुख्य रसायन इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. वास जवळजवळ नसतोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तहानलेल्या मुलाला यातला फरक कळणार कसा?

प्रौढ माणसासाठी शुद्ध इथिलीन ग्लायकॉलचे अंदाजे शंभर मिलिलिटर जिवावर बेतू शकते. बारा किलोच्या मुलासाठी हाच हिशेब तीन-चार चहाच्या चमच्यांवर येतो. कूलंटमध्ये निम्मे पाणी असले तरी औषधाच्या एक-दोन छोट्या कपांएवढेच ते भरते. म्हणून ‘एकच घोट घेतला’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

हे रसायन मूळ रूपात फारसे घातक नसते. त्याचे विष यकृतात तयार होते. दारूचे विघटन करणारे विकर त्यावर काम करते आणि टप्प्याटप्प्याने ग्लायकॉलिक आम्ल व ऑक्झॅलिक आम्ल बनते. पहिल्याने रक्त आम्लधर्मी होते. दुसरे रक्तातील कॅल्शियमशी जोडले जाऊन त्याचे टोकदार स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत अडकतात. म्हणून लक्षणे तीन पायऱ्यांनी येतात. पहिल्या काही तासांत माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, उलट्या करतो, बरळतो, पण तोंडाला दारूचा वास नसतो. बारा ते चोवीस तासांत श्वास खोल आणि जलद होतो, हृदयावर ताण येतो, झटके येऊ शकतात. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, कंबरेच्या दोन्ही बाजूंना दुखते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. पहिल्या पायरीनंतर थोडा वेळ रुग्ण सुधारल्यासारखा वाटू शकतो. याच काळात नातेवाईक त्याला ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणतात आणि उपचाराची वेळ निघून जाते.

वेळेत आल्यास उपचार प्रभावी आहेत. फोमेपिझोल हे औषध त्या विकरालाच अडवते, त्यामुळे विष तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, पण ते सगळीकडे सहज मिळत नाही. मग वैद्यकीय शुद्धतेचा अल्कोहोल मोजून, अतिदक्षता विभागात दिला जातो. विकराला ग्लायकॉलपेक्षा तो जास्त आवडतो. तो त्यात गुंतला की ग्लायकॉल न बदलता लघवीवाटे बाहेर पडते. गंभीर रुग्णात डायलिसिसने विष आणि आम्ल दोन्ही काढता येतात. यावरून कुणी घरीच दारू पाजण्याचा शहाणपणा करू नये. बेशुद्धीकडे चाललेल्या माणसाच्या फुप्फुसात ती जाऊ शकते, आणि मुलाची रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. मीठ-पाणी देऊन उलटीही करवू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. लेबल पाहून डॉक्टरांचे काही तास वाचतात. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे; डॉक्टरांना आणि नागरिकांना तिथे चोवीस तास सल्ला मिळतो.

या कुळातील रसायनांनी महाराष्ट्राला पूर्वी मोठा धडा दिला आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषध खरेदी-तपासणीच्या व्यवस्थेवर कठोर बोट ठेवले. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनात विरघळवलेल्या औषधाने शंभरहून अधिक बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा झाला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक मुलांचे प्राण गेले. त्यांतील काहींवर नागपुरात उपचार झाले होते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल हे त्याचेच भावंड. कारखान्यात आणि इंजिनात दोघेही उपयोगी आहेत. ते चुकीच्या बाटलीत गेले की माणसे मरतात.

गॅरेजमधील माणूस

या गोष्टीत एक माणूस बहुधा विसरला जातो, तो म्हणजे रेडिएटर दुरुस्त करणारा मिस्त्री. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात आणि त्यांचे सांधे शिशाच्या डागाने जोडलेले असतात. डाग देताना, जुना सांधा उकलताना आणि घासताना शिशाची वाफ व धूळ उडते. अशा कारागिरांच्या रक्तात शिसे वाढल्याचे अनेक देशांत आढळले आहे. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्तक्षय, हातापायांना मुंग्या ही त्याची लक्षणे. आणि ती इतकी नेहमीची वाटतात की शिशाचा संशयच येत नाही. कपड्यांवरून हीच धूळ घरी जाते आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. उघड्यावर किंवा पंख्याच्या वाऱ्यात काम करणे, जेवणाआधी साबणाने हात धुणे, कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलणे, तिथे बसून तंबाखू न मळणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. असा कारागीर डॉक्टरांकडे गेला तर त्याने आपला धंदा न विसरता सांगावा.

रेडिएटर धुताना निघालेले कूलंट रस्त्याकडेला किंवा गटारात ओतू नये. कुत्री, मांजरे ते चाटतात आणि मरतात. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात फिरणाऱ्या जनावरांसाठी असे डबके सापळाच ठरते. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्याकडे किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.

रस्त्यावर काटा वर गेला तर

गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बोनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेट उघडू नका. किमान अर्धा तास, घाटात किंवा भर उन्हात त्याहून जास्त वेळ थांबा. वरचा जाड होज पाईप हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर सहज दबला, तरच झाकणाचा विचार करा. त्यावर जाड, सुके फडके टाका, चेहरा दूर ठेवा, पहिल्या खाचेपर्यंत फिरवून थांबा, उरलासुरला दाब जाऊ द्या आणि मगच झाकण काढा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. धातूला तडा जातो. भर घालायचीच तर हळूहळू घाला. रोजच्या वापरासाठी बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी आणि योग्य कूलंट वापरा. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नसली तरी कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये उपयोगी असतात, आणि त्यातील ग्लायकॉलमुळे उकळण्याचे तापमानही थोडे वाढते. घरात लहान मुले असतील तर तुलनेने कमी विषारी असलेल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट मिळते का, याची चौकशी करा. उरलेला डबा मूळ लेबलसह, कुलपात ठेवा.

लग्नाच्या वरातीला जुनी गाडी नेणार असाल तर आदल्या दिवशी फॅन बेल्ट, होज पाईप आणि बाटलीतली पातळी बघून घ्या. वरातीत मधूनमधून इंजिन बंद ठेवा. ढकलणाऱ्या हातांची तिथे वाण नसते. काही शे रुपयांची टाकी, वरूनही घट्ट बसणारे झाकण आणि तिच्यावर ‘विष – पिऊ नये’ अशी मराठीत ठळक चिठ्ठी, एवढी तयारी मिस्त्री अर्ध्या दिवसात करून देतो. एरवी गाडीचे रूप राखण्यासाठी टाकी कितीही लपवली तरी चालेल. ही चिठ्ठी मात्र बोनेट उघडताच दिसली पाहिजे.